परदेशातल्या मध्यमलहरी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

परदेशी जाताना सामानात लहानसा ट्रान्झिस्टर ठेवणारे वाचक अजूनही पुष्कळ आहेत, हे या वेळी आलेल्या पत्रांवरून दिसले. जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘यासाठी कोणता सेट घ्यावा?’ असा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो. घरातला सेट नीट चालत असेल तर तोच न्यावा. मध्यमलहरींवर, म्हणजे सेटवर ‘एमडब्ल्यू’ किंवा ‘एएम’ असे लिहिलेल्या पट्ट्यावर, दूरचे केंद्र लागणे हे सेटच्या किमतीपेक्षा आपण कोणत्या वेळी आणि कुठे बसून ऐकतो यावर अधिक अवलंबून असते, आणि या दोन्ही गोष्टींना पैसे पडत नाहीत.

प्रश्न : पुढील महिन्यात न्यू जर्सीतील एडिसन येथे मुलीकडे काही महिने राहायला जात आहे. माझ्याकडे आकडे दाखवणारा डिजिटल रेडिओ असून त्यावर आकाशवाणीचे सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर स्वच्छ लागते. अमेरिकेत हा रेडिओ चालणार नाही, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : परिचितांचे म्हणणे अर्धे खरे आहे. १९७५ च्या जिनिव्हा करारानुसार आशिया, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या भागांत मध्यमलहरींवरील केंद्रे एकमेकांपासून ९ किलोहर्ट्झ अंतरावर बसवलेली आहेत आणि ही मांडणी नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली. त्यामुळे आपल्याकडची सर्व केंद्रे ९ च्या पाढ्यात सापडतात. मुंबईचे ५५८, पुण्याचे ७९२ आणि आपले १२५१ हे तिन्ही आकडे नवाने भागून पाहावेत. उत्तर व दक्षिण अमेरिकेत मात्र हे अंतर १० किलोहर्ट्झचे आहे आणि तिथले केंद्र ७७०, १०१०, १०३० अशा शून्यावर संपणाऱ्या आकड्यावरच असते. आपला सेट नवाच्याच उड्या मारत असेल तर तो १०१० ऐवजी १००८ वर थांबेल, जिथे आवाज थोडा बोजड पण समजण्याजोगा येईल; ७७० च्या बाबतीत मात्र तो ७७४ वर थांबेल आणि शब्द फाटून येतील. दोन्ही पद्धतींचे आकडे केवळ ९० च्या पटीत जुळतात, म्हणजे ७२०, ८१०, ९००, ९९० अशा मोजक्या जागी.

यावर उपाय सोपे आहेत. बहुतेक डिजिटल सेटमध्ये ९ व १० यांत बदल करण्याची सोय असते. सेट बंद असताना एखादे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते आणि ते कोणते हे माहितीपत्रकात दिलेले असते. असा बदल केल्यावर साठवलेली केंद्रे बहुधा पुसली जातात, तेव्हा ती आधी कागदावर उतरवून ठेवावीत. काही सेट एकेका किलोहर्ट्झने सरकवता येतात, त्यांना बदलाची गरजच नाही. चकती फिरवून काटा सरकवण्याचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर त्याला या पाढ्यांचे सोयरसुतक नसते, तो जगात कुठेही चालतो. आणखी एक फरक म्हणजे अमेरिकेत हा पट्टा १७०० किलोहर्ट्झपर्यंत जातो. आपल्याकडच्या अनेक सेटची मजल १६२० च्या आसपास संपते. त्याने फार बिघडत नाही. तिथल्या विजेचा दाब १२० व्होल्ट असल्यामुळे येथील अ‍ॅडॉप्टर तपासून न्यावा, किंबहुना नेऊच नये. सेलवर ऐकावे. अ‍ॅडॉप्टरची खरखर ही मध्यमलहरींची जुनी शत्रू आहे.

एडिसनमध्ये दिवसा न्यूयॉर्कची मोठी केंद्रे जोरात लागतील : ६६०, ७१०, ७७०, ८८०, १०१० आणि ११३०. यांतले १०१० हे १९६५ पासून अखंड बातम्या देणारे केंद्र असून निवेदकाच्या आवाजामागे टेलिप्रिंटरची टकटक ऐकवण्याची तिथली रीत प्रसिद्ध आहे. ८८० वरही अनेक दशके बातम्याच होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या बंद होऊन तिथे खेळांची चर्चा सुरू झाली. जुन्या प्रवासवर्णनात वाचलेले केंद्र त्या आकड्यावर मिळेलच असे धरून चालू नये, याचे हे ताजे उदाहरण.

खरी मौज सूर्यास्तानंतर आहे. दिवसा उन्हामुळे आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागात, खालच्या बाजूला जो डी नावाचा थर तयार होतो, तो मध्यमलहरी शोषून घेतो आणि केवळ जमिनीलगत पसरणारी लहर आपल्यापर्यंत पोहोचते. सूर्य मावळला की हा थर विरळ होत जातो आणि वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरू लागतात. अमेरिकेत एका केंद्राला जास्तीत जास्त ५० किलोवॅट शक्ती वापरता येते आणि ज्यांच्या वारंवारतेला रात्री संरक्षण आहे अशी काही केंद्रे त्या शक्तीवर निम्म्या देशात ऐकू जातात. बाकीच्यांना सूर्यास्ताच्या वेळी शक्ती कमी करावी लागते, काहींना तर प्रक्षेपणच थांबवावे लागते. डिसेंबरात तिथे दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हापासूनचा तास-दीड तास सेट हातात घेऊन बसावे, कारण त्या काळात एक केंद्र विरून त्याच जागी दुसरे वर येताना ऐकू येते.

सुरुवात कुठून करावी? नॅशव्हिलच्या ६५० वर १९२५ पासून चालत आलेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा लोकसंगीताचा कार्यक्रम ऐकण्याचा मोह होईल, पण एडिसनमध्ये शेजारचे ६६० इतके बलवान आहे की ६५० त्याच्याखाली दबून जाते. शिकागोच्या ७२० ची ७१० मुळे तीच गत होते. त्याऐवजी ७४० वर टोरांटो, ८४० वर लुईव्हिल, १०३० वर बोस्टन आणि १११० वर शार्लट शोधावे. दर तासाच्या ठोक्याला प्रत्येक अमेरिकी केंद्राने आपली संज्ञाक्षरे आणि गावाचे नाव सांगावे, असा तिथे नियम आहे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील केंद्रांची अक्षरे डब्ल्यूपासून आणि पश्चिमेकडील केंद्रांची केपासून सुरू होतात. पिट्सबर्गचे १०२० वरील केडीकेए हा ठळक अपवाद, कारण ते १९२० सालचे म्हणजे हा नियम पक्का होण्यापूर्वीचे आहे. आणि मागे सेकंदाची टिकटिक, तिच्यावर वेगाने वाचल्या जाणाऱ्या स्पॅनिश बातम्या आणि दर मिनिटाला मोर्समध्ये ‘आरआर’ अशी अक्षरे ऐकू आली, तर ते क्यूबाचे ‘रेडिओ रेलोज’ होय. ते ओळखायला स्पॅनिश येण्याची गरज नाही.

प्रश्न : मुलगा मस्कतला नोकरीला आहे आणि हिवाळ्यात आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. तिथे रेडिओवर मुंबई किंवा पुणे केंद्र लागू शकेल का? मुलगा म्हणतो की त्याने प्रयत्न केला, नुसती खरखर येते. (एक गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : मुलाने प्रयत्न कोणत्या वेळी केला, हे पत्रात लिहिलेले नाही; बहुधा तो दिवसा केला असावा. मुंबई ते मस्कत हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर आहे आणि रात्रीच्या मध्यमलहरींच्या दृष्टीने ते एका उडीत पार होणारे आहे. दुबई त्याहून पुढे, सुमारे १९०० किलोमीटरवर. तिथेही ते शक्य असते, मात्र थोडे अधिक कष्टाचे.

वेळेचा हिशेब नीट मांडला पाहिजे. आवाज चांगला यायचा तर दोन्ही टोकांना अंधार हवा. जानेवारीत मुंबईत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मस्कतमध्ये तो तिथल्या घड्याळाप्रमाणे पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि त्या वेळी भारतात सव्वासात वाजलेले असतात, कारण आपले घड्याळ दीड तास पुढे आहे. दुसरीकडे आकाशवाणीची रात्रीची सभा अकरानंतर फार वेळ चालत नाही, म्हणजे मस्कतच्या साडेनऊनंतर ऐकण्यासारखे काही उरत नाही. थोडक्यात, संध्याकाळी सहा ते साडेनऊ हा तिथला आपला वेळ. अनेक जण जेवणखाण आटोपून दहा वाजता सेट हातात घेतात आणि निराश होतात.

दुसरी वेळ पहाटेची, आणि माझ्या मते ती अधिक चांगली. आकाशवाणीची पहिली सभा सहाच्या सुमारास सुरू होते तेव्हा मस्कतमध्ये साडेचार वाजलेले असतात. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो, त्यामुळे तासभर तरी दोन्हीकडे काळोख मिळतो. सभा सुरू होण्यापूर्वी वाजणारी ती परिचित संकेतधून आपल्याला पाठ असेल. वॉल्टर कॉफमन या युरोपातून मुंबईत आलेल्या संगीतकाराने ती रचली आहे, तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिन चालते. खरखरीतूनही ती कानाला लगेच पकडता येते आणि आपण योग्य जागी आहोत याची खात्री पटते. तिच्यानंतर ‘वंदे मातरम्’ होते. उन्हाळ्यात मात्र ही पहाटेची फट बंद होते, कारण जूनमध्ये मुंबईत सहाच्या सुमारासच उजाडते. शिवाय मे महिन्यापासून अरबी समुद्रावर आणि किनाऱ्यावर विजा चमकू लागल्या की त्यांचा कडकडाट थेट स्पीकरमधून येतो. आपण हिवाळ्यात जात आहात हे उत्तम.

आता सेट कसा धरावा याविषयी. रेडिओच्या आत वरच्या बाजूला आडवी बसवलेली फेराइटची कांडी हाच मध्यमलहरींचा एरियल असतो. बाहेर ओढायच्या दांडीचा येथे उपयोग नाही. ही कांडी आपल्या लांब अंगाला जे केंद्र असेल ते चांगले घेते आणि टोकांच्या दिशेला असलेले केंद्र दाबते. मस्कतहून पाहिले तर मुंबई पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेली आहे आणि इराण उत्तरेला आहे. आखाती भागात इराणची बलाढ्य केंद्रे हीच मोठी अडचण असते. त्यामुळे कांडीची टोके उत्तर-दक्षिण होतील असा सेट ठेवला, तर इराणचा आवाज खाली बसतो आणि त्याच वेळी मुंबईचा वर येतो. हे भूगोलाने दिलेले दान आहे, ते घ्यावे. रात्रीच्या लहरी वरून उतरत असल्यामुळे दिवसाइतके पूर्ण दाबणे जमत नाही, पण फरक ऐकू येण्याइतका असतो. सेट एकदा ठेवून सोडून देऊ नये. बोटभर फिरवून, थांबून, पुन्हा ऐकावे.

मुंबईचे ५५८ आणि १०४४, पुण्याचे ७९२ आणि पणजीचे १२८७ हे आकडे लिहून घ्यावेत. ही केंद्रे १०० किलोवॅट श्रेणीची आहेत. गुजरात जवळ असल्यामुळे राजकोटच्या १०७१ वरून सुरुवात करावी, तिथला प्रक्षेपक १००० किलोवॅटचा आहे. तो लागला तर सेट व जागा दोन्ही ठीक आहेत असे समजावे. येथे एक सावधगिरीची सूचना. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद केले असून तिसाहून अधिक प्रक्षेपकांवर डीआरएम ही अंकीय पद्धत आणली आहे. साध्या रेडिओवर डीआरएम म्हणजे एकसारखा, चढउतार नसलेला घोंघाट ऐकू येतो. मुलाला ऐकू आलेली ‘नुसती खरखर’ त्यातलीही असू शकेल. निघण्यापूर्वी आपल्या गावी संध्याकाळी ही केंद्रे कोणत्या स्वरूपात लागतात ते एकदा पाहून ठेवावे.

प्रश्न : विमानात रेडिओ ऐकता येतो का? आणि विमानतळावर सेटविषयी काही अडचण येते का? (ठाणे)

उत्तर : विमानात ऐकू नये. रेडिओ केवळ लहरी घेतो असे वाटले तरी त्याच्या आतले ऑसिलेटर मंडल स्वतःही अत्यल्प लहरी सोडते आणि त्यामुळे विमान कंपन्या त्याला मनाई करतात. तसेही धातूच्या त्या नळीत मध्यमलहरी शिरत नाहीत. तपासणीत लहान रेडिओला सहसा कोणी हरकत घेत नाही. हातातल्या बॅगेत ठेवावा, सेल काढून ठेवावेत आणि विचारले तर चालू करून दाखवावा. वॉकीटॉकी किंवा पोलीस-विमानांचे संभाषण पकडणारे स्कॅनर यांचा प्रश्न निराळा आहे. अनेक देशांत त्यांना परवाना लागतो, ते सोबत घेऊच नयेत.

प्रश्न : मी श्टुटगार्टला शिकत आहे. आजोबांचा रेडिओ पुण्याहून हौसेने आणला, पण येथे मध्यमलहरींवर दिवसभर चिटपाखरू नाही. रेडिओ बिघडला असेल का? (एक विद्यार्थी)

उत्तर : रेडिओ ठीक आहे, जर्मनीतली केंद्रे गेली आहेत. डॉइचलांडफुंक या तिथल्या सार्वजनिक रेडिओने मध्यमलहरी प्रक्षेपण ३१ डिसेंबर २०१५ रोजी थांबवले. त्याच रात्री फ्रान्सच्या सरकारी रेडिओनेही मध्यमलहरी सोडल्या आणि लक्झेंबर्गचे प्रसिद्ध १४४० मुके झाले. नेदरलँड्सचे ७४७ त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये, चेक रेडिओ २०२१ अखेर आणि इटलीची सरकारी केंद्रे सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाली. कारण सर्वत्र सारखेच : शेकडो किलोवॅटच्या प्रक्षेपकाचे विजेचे बिल मोठे आणि श्रोते एफएमकडे, अंकीय रेडिओकडे व फोनकडे गेलेले. खर्चाचे हे गणित मला समजते; तरीही एका प्रक्षेपकाने सीमा न विचारता चार देशांना ऐकवण्याची सोय इतक्या सहजपणे मोडीत काढायला नको होती, असे वाटत राहते.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. हंगेरीतील शोल्त येथील ५४० किलोहर्ट्झचा प्रक्षेपक २००० किलोवॅटचा आहे. संध्याकाळी आधी तो शोधावा, अंधार पडू लागताच तो वर येईल. रात्री इंग्लंडचे बीबीसी ‘रेडिओ फाइव्ह लाइव्ह’ ६९३ व ९०९ वर मिळेल. दोन्हीकडे एकच कार्यक्रम असतो, त्यामुळे एका जागी संशय आला तर दुसऱ्या जागी जाऊन पडताळता येते. खेळांच्या चर्चेचे ‘टॉकस्पोर्ट’ १०५३ आणि १०८९ वर आहे. तिथे आवाज मोठा असूनही कधीकधी शब्दांना पडसाद असल्यासारखे वाटते. एकाच वारंवारतेवर अनेक गावांतले प्रक्षेपक एकाच वेळी चालू असल्यामुळे आणि प्रत्येकाचे अंतर वेगळे असल्यामुळे तसे होते, त्यात सेटचा दोष नाही. रुमानियाचे ८५५ आणि स्पेनच्या केंद्रांवरील फुटबॉलचे धावते वर्णन हेही रात्रीचे पाहुणे आहेत. बीबीसीसह अनेकांनी मध्यमलहरी सोडण्याचे बेत जाहीर केलेले आहेत, तेव्हा ‘पुढच्या वर्षी ऐकू’ असे म्हणू नये.

बलाढ्य जर्मन केंद्रे गेल्यामुळे एक फायदाही झाला आहे. जो आकडा पूर्वी रात्रंदिवस अडलेला असे, तिथे आता उत्तर आफ्रिकेतील अरबी केंद्रे किंवा नेदरलँड्समधील हौशी मंडळींची परवानाधारक छोटी केंद्रे, जास्तीत जास्त १०० वॅटची, ऐकू येऊ शकतात. त्यासाठी वसतिगृहाची खोली सोडावी लागेल. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये मध्यमलहरी मरतात आणि उरलेल्या जीवावर लॅपटॉपचा चार्जर, एलईडी दिवे आणि शेजाऱ्यांचा टीव्ही उठतात. सेट सेलवर लावून इमारतीपासून शंभरेक पावले दूर, बागेतल्या बाकावर बसून पाहावे. हा उपाय हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे, पण महागड्या सेटपेक्षा तो जास्त काम करतो.

प्रश्न : इंटरनेटवर सर्व केंद्रे मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे नातू विचारतो. त्याला काय सांगावे? (नाशिक)

उत्तर : केंद्राचा कार्यक्रम ऐकायचा असेल तर नातवाचे म्हणणे बरोबर आहे, फोनवर आवाजही स्वच्छ येतो. मात्र ती लहर आपण उभे आहोत त्या जागी पोहोचली की नाही, हे फोन सांगत नाही. नातवाला हवे तर नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ दाखवावा. तो प्रत्यक्ष एरियलला जोडलेला असून जगातून कोणालाही संगणकावरून फिरवता येतो. मध्यमलहरींचा पट्टा तिथे पडद्यावर दिसतो आणि युरोपातल्या संध्याकाळी तो भरत जाताना पाहता येतो. श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यालाही त्याचा उपयोग होईल : केंद्र तिथे येते पण आपल्या खोलीत येत नाही, तर दोष खोलीचा.

प्रश्न : मे महिन्यात जपानची सहल आहे. तिथले रेडिओ ऐकण्याची इच्छा आहे, पण भाषेचा एक शब्द येत नाही. केंद्र ओळखायचे कसे? (एक बँक कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जपान हा मध्यमलहरींच्या श्रोत्यासाठी अजूनही भरलेला देश आहे आणि तिथेही अंतर आपल्यासारखेच ९ किलोहर्ट्झचे असल्यामुळे सेटमध्ये बदल करावा लागत नाही. एनएचके या सार्वजनिक संस्थेचे प्रक्षेपण २२ मार्च १९२५ रोजी सुरू झाले. तिचे ‘रेडिओ एक’ टोकियोत ५९४, नागोयात ७२९ आणि ओसाकात ६६६ वर आहे. सहलीचा मार्ग बहुधा याच गावांतून जात असल्यामुळे हे तीन आकडे पुरेसे आहेत. टोकियोच्या खासगी केंद्रांपैकी टीबीएस ९५४, बुन्का होसो ११३४ आणि निप्पोन होसो १२४२ वर लागतात. ८१० वर अमेरिकी सैनिकांसाठीचे इंग्रजी केंद्र आहे, ते आपल्याला समजेलही.

भाषा येत नसली तरी ओळख पटवण्याच्या खुणा असतात. पहाटे उठण्याची सवय असेल तर साडेसहाला ५९४ लावावे. ‘रेडिओ तायसो’ म्हणजे रेडिओवरून सांगितल्या जाणाऱ्या कवायतीची परंपरा १९२८ पासूनची आहे. पियानोची उड्या मारणारी चाल आणि तिच्यावर आकडे मोजणारा आवाज ऐकला की दुसरे कोणते केंद्र असेल अशी शंकाच राहत नाही. हॉटेलजवळ बाग असेल तर रेडिओ खिशात ठेवून तिथे जावे, कारण वृद्ध मंडळी रेडिओ मध्ये ठेवून हीच कवायत करताना अनेक बागांत दिसतात. इतर वेळी तासाच्या ठोक्याची वाट पाहावी. जपानी केंद्रांची संज्ञाक्षरे जेओपासून सुरू होतात आणि रोमन अक्षरे उच्चारूनच सांगितली जातात, त्यामुळे ‘जेओएके’ ऐकले की टोकियोचे एनएचके हे कळते. गावाचे नाव कानाला ओळखीचे असतेच.

रात्री चित्र गुंतागुंतीचे होते, कारण समुद्रापलीकडून कोरिया, चीन आणि तैवानची केंद्रे जपानी केंद्रांच्या बरोबरीने येतात. अशा वेळी एकाच केंद्रावर चिकाटीने बसावे. पट्टा सारखा वर-खाली फिरवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आवाज काही मिनिटे खाली जाऊन पुन्हा वर येतो आणि नेमकी ओळख त्या वर येण्याच्या वेळी सांगितली गेली, तर काम होते. कोणते केंद्र असावे असा अंदाज बांधून ते फोनवर इंटरनेटवरून लावावे आणि दोन्ही आवाज जुळतात का ते पाहावे. इंटरनेटचा आवाज अर्धा-एक मिनिट मागे असतो, हे लक्षात ठेवून थोडे थांबावे.

तिथेही दिवस बदलत आहेत. जपानच्या ४७ खासगी मध्यमलहरी कंपन्यांपैकी ४४ कंपन्यांनी २०२८ पर्यंत एफएमकडे वळण्याचा मानस २०२१ मध्ये जाहीर केला आणि एनएचकेने आपले ‘रेडिओ दोन’ मार्च २०२६ अखेर बंद करण्याचे ठरवले. जाण्यापूर्वी ताजी यादी पाहावी. तिथल्या एफएमची सुरुवात ७६ मेगाहर्ट्झपासून होत असल्यामुळे आपल्याकडचा ८८ पासून सुरू होणारा सेट त्यातला मोठा भाग ऐकू शकत नाही, म्हणूनही सध्या मध्यमलहरीच बऱ्या.

प्रश्न : परदेशी केंद्र ऐकल्यावर त्यांना पत्र लिहिले तर आपण ते ऐकल्याची पोच म्हणून कार्ड पाठवतात असे ऐकले आहे. अजून पाठवतात का आणि पत्रात काय लिहावे? (रत्नागिरी)

उत्तर : जपानी केंद्रांमध्ये ही प्रथा चांगली टिकून आहे, इतरत्र ती केंद्रातील एखाद्या आस्थेवाईक अभियंत्यावर अवलंबून असते. ‘आपला कार्यक्रम ऐकला, आवडला, कार्ड पाठवा’ एवढ्यावर कार्ड मागू नये. आपण खरोखर ऐकले याचा पुरावा द्यावा लागतो. तारीख, वारंवारता, ऐकण्याचे ठिकाण, सेटचे नाव आणि वेळ लिहावी. वेळ केंद्राच्या गावची किंवा जागतिक प्रमाणवेळ असावी. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ मिळते. मुख्य भाग कार्यक्रमाचा तपशील. निदान वीस-पंचवीस मिनिटांचे टिपण हवे : अमुक वाजून अमुक मिनिटांनी स्त्री निवेदिका, मग वाद्यसंगीत, मग दोन जाहिराती, मग वेळेचे ठोके. भाषा समजत नसली तरी एवढे लिहिता येते आणि केंद्राला आपल्या नोंदवहीशी ते ताडून पाहता येते. आवाज किती वेळा गेला, कोणत्या केंद्राने व्यत्यय आणला हेही प्रामाणिकपणे लिहावे, कारण अभियंत्याला कौतुकापेक्षा त्याचा उपयोग अधिक असतो. फोनवर ध्वनिमुद्रण केले असेल तर त्यातला एखादा मिनिट ईमेलबरोबर जोडावा. टपालाने पाठवत असाल तर आपला पत्ता रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत आणि पिनकोडसह लिहावा.